साहेबांच्या निरोपाचं वेळापत्रक

मी डूख धरणारी बाई आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की वरून तर साधी दिसत होती. लातूरच्या एमआयडीसीत आमच्या कंपनीचं बियाणं साफ करून पिशव्या भरायचं युनिट आहे, त्याची मी मॅनेजर. हाताखाली चाळीसेक माणसं, त्यातल्या निम्म्याहून जास्त पॅकिंगच्या बायका. मृगाच्या आधीचे दोन महिने आम्हाला पाणी प्यायला फुरसत नसते. सोयाबीनचं बियाणं पेरणी उरकल्यावर दुकानात पोचलं तर त्याला कुणी बियाणं म्हणत नाही.

अशा कामात वेळ सांभाळायला शिकावंच लागतं, मी शिकले. माझी एक लांबडी वही आहे. पानापानावर अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने पाडलेले. सकाळी सातला पहिल्या रकान्यात ते काम लिहायचं, जे आज झालं नाही तर उद्या बोंब होणार. फोन फक्त दहा ते साडेदहा. कुणी 'जरा बोलायचं होतं' म्हणत केबिनमध्ये शिरलं की मी उठून उभी राहते. मी उभी असले की समोरचा बसत नाही आणि पाच मिनिटांत मुद्द्यावर येतो. बैठकीत चहा नाही, कारण चहा आला की घरची चौकशी येते आणि घरची चौकशी आली की दुपार होते. 'बघू' हा शब्द तर मी युनिटातून हद्दपारच केला. होतंय का नाही, आणि होतंय तर किती वाजता, एवढंच बोलायचं. बायका माझ्यामागं मला घड्याळवाली म्हणतात. म्हणू देत.

हे वेड वडलांमुळं लागलं. वडील नायगावकडं एका गावात सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचं, आणि एकदा ठरलं की पुढच्या पाडव्यापर्यंत माणसाचा दिवस मालकाचा. आई तापानं फणफणलेली असली तरी वडील विचारून घरी यायचे. मी चौथीत पहिली आले तेव्हा शाळेत बक्षीस समारंभ होता. वडील म्हणाले, "मालकाला इचारतो." विचारलं असेल, पण आले नाहीत. हेडमास्तरांनी मला वही-पेन दिलं तेव्हा टाळ्या वाजवायला माझं कुणीच नव्हतं. मी मनात धरलं, माझा तास माझा राहील, तो कुणाला विकणार नाही.

आता साहेब. साहेब म्हणजे आमचे विभागीय व्यवस्थापक, नांदेडला बसायचे, मूळचे धर्माबादचे. कामाला माणूस वाईट नव्हता, हे लिहिताना हात जड होतो, पण खरं ते लिहायला पाहिजे. त्यांच्या केबिनमध्ये मात्र कायम दरबार. दहा खुर्च्या, दहाही भरलेल्या. दुकानदार, ट्रान्सपोर्टवाले, कुणाचा भाचा, कुणाचा व्याही. सगळे एकदमच बसलेले, सगळ्यांशी एकदमच बोलणं चाललेलं. मी लातूरहून साडेतीन तास बसनं हाडं खिळखिळी करून जायचे आणि साहेब हात वर करायचे, "मॅडम, दोन मिनिटं." ती दोन मिनिटं मी वहीत लिहायचे. कधी तास, कधी अडीच तास. एकदा तर पूर्ण दिवस गेला आणि शेवटी साहेब म्हणाले, "अरे, तुम्ही अजून हायच का?"

दुसरं म्हणजे सत्कार. आमच्याकडं चार माणसं एका सतरंजीवर बसली की शाल-नारळ निघतोच, पण साहेबांचं त्याच्या पुढचं होतं. पाहुण्याचा सत्कार, मग पाहुण्याचा सत्कार ज्यानं केला त्याचा सत्कार, मग हार आणणाऱ्याचा. एकदा मॅनेजर लोकांना वेळेचं नियोजन शिकवायला हैदराबादहून एक माणूस बोलावला होता. दहाचा कार्यक्रम. त्या बिचाऱ्याला शाली पांघरून पांघरून त्याचं भाषण पावणेदोनला सुरू झालं, आणि त्याचं पहिलं वाक्य होतं की वेळ वाया घालवू नका. मी एकटीच हसले. साहेबांनी मान वळवून बघितलं.

आता त्या दिवसाचं. सहा वर्षं झाली. माझी मुलगी, एकुलती एक, बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला तिचा नंबर नांदेडला लागला, विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या एका कॉलेजात. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागद घेऊन स्वतः हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्याला. हजर व्हायला तीन दिवस होते आणि तिसऱ्याच दिवशी नांदेडला आमच्या कंपनीचा वार्षिक मेळावा होता. मेळावा अकरा ते एक. मला काय वाटलं असेल, सांगायला नको. एका फेरीत दोन कामं. आदल्या दिवशीच्या आढावा बैठकीसाठी मी मुक्कामी जायचं, मुलीनं सकाळच्या बसनं येऊन कॉलेजच्या दारात थांबायचं, मी दीडला रिक्षानं पोचायचं. वहीत असं चोख बसवलं की माझं मलाच कौतुक वाटलं. तिचा बाप शिक्षक, त्याला त्या आठवड्यात प्रशिक्षणातून सुट्टी नव्हती.

पोरगी म्हणाली होती, "आई, आपुन उद्याच जाऊ ना. न्हाईतर फाईल माझ्याजवळ दे, मी एकटी जाते." मी म्हणाले, "तू? तू बारावीचं हॉल तिकीट दोनदा शोधत बसली होतीस." फाईल माझ्या पिशवीत ठेवली. माझ्या अक्षरात लेबल लावलेली, प्रत्येक कागदाला नंबर टाकलेली फाईल.

मेळाव्यात त्या वर्षी एक नवीन पुरस्कार निघाला होता. वक्तशीर व्यवस्थापक. तो मला होता. आता हसा. मोठे डायरेक्टर देणार होते. मुलीला सोडून घरात कुणाला सांगितलं नव्हतं, पण आदल्या रात्री लॉजवर मी साडीला स्वतः इस्त्री केली. आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या अंगावर कधी शाल पडली नव्हती.

डायरेक्टरांची गाडी साडेबाराला आली. मग सुरू झालं. व्यासपीठावर सतरा माणसं. प्रत्येकाला हार, शाल, नारळ, फोटो. फोटो नीट आला नाही तर परत हार. मोबाईल मी बंद करून ठेवला होता, कारण कार्यक्रमात मोबाईल वाजणं मला खपत नाही, माझ्या युनिटात तर तसा नियमच आहे. अडीच वाजले. मी पाठीमागून गेले आणि साहेबांच्या कानाशी वाकले. "साहेब, पोरीचं ॲडमिशन हाय. पाचच्या आत पोचायचंय. मी निघू का?"

साहेबांनी मागं न बघता हात वर केला. "दोन मिनिटं, मॅडम. पुढं तुमचंच नाव हाय. मोठे साहेब इचारतील, कुठं गेली आपली वक्तशीर बाई, तर काय सांगू?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले.

मी जागेवर येऊन बसले. तीन. साडेतीन. मी बसून राहिले. चारला नाव पुकारलं, मग आधी डायरेक्टरांचं भाषण घ्या म्हणून परत बसवलं. चार वाजून वीस मिनिटांनी माझ्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला आणि काखेत एक भिंतीवरचं घड्याळ. टाळ्या वाजल्या. मी शाल अंगावर तशीच घेऊन पळाले.

रिक्षात मोबाईल सुरू केला तर पोरीचे फोनच फोन. रस्त्यात कसलीशी मिरवणूक. मी रिक्षावाल्याला काय काय बोलले, ते लिहायचं नाही. कॉलेजात पोचले तेव्हा पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. ऑफिसच्या पायरीवर पोरगी बसलेली. माझ्याकडं बघितलं, माझ्या अंगावरच्या शालीकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. आतल्या माणसानं सरळ सांगितलं, पाचला यादी बंद होऊन वर गेली, आता माझ्या हातात काही नाही. खोटं नव्हता बोलत.

पुढच्या फेरीत कॉम्प्युटरची जागा कुठंच राहिली नाही. जे मिळत होतं ते तिला नको होतं. लातूरलाच बीएस्सीला गेली, आता एका प्रयोगशाळेत मातीचे नमुने तपासते. वाईट चाललेलं नाही, पण तिला जे पाहिजे होतं ते हे नव्हे. दोन दिवसांनी मी साहेबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "अरेरे. होतं असं कधी कधी. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी बघू! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते घड्याळ मी फेकलं नाही. युनिटात माझ्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावलं. सहा वर्षं रोज चार वीसला मी त्याच्याकडं बघितलं, आणि रोज म्हणाले, साहेब, तुमचंही कधी मिनिटावर येईल.

यंदा आलं. साहेब रिटायर झाले. वरून फोन आला, निरोप समारंभ नांदेडलाच घ्या, नियोजन तुम्ही करा, तुमच्याइतकं वेळेचं कुणाला कळतं. त्याच दिवशी साहेबांचाही फोन. आवाज वेगळाच, मऊ. "मॅडम, एकच सांगणं हाय. माझं भाषण शेवटी ठेवा. अर्धा तास तरी द्या. लई दिवसांपासून लिहून राहिलो."

"हाव साहेब," मी म्हणाले. "शेवटीच ठेवते."

त्या रात्री वही उघडली आणि वेळापत्रक मांडलं. खोटं कशाला बोलू, इतकी गोड झोप मला कितीतरी वर्षांत लागली नव्हती. आधी हॉल. असं मंगल कार्यालय शोधलं जिथं त्याच दिवशी चारला साखरपुडा होता, आणि जिथला माणूस तीनला माईक काढून घेतो म्हणजे घेतोच. मग सत्कार. यादी काढली. धर्माबादपासूनचे दुकानदार, ट्रान्सपोर्टवाले, हमाल, ड्रायव्हर, माझ्या युनिटातल्या एकूण एक बायका. सगळे मिळून सत्त्याऐंशी. प्रत्येकाला पावणेदोन मिनिटं. आणि मुख्य कलम, सगळे सत्कार साहेबांच्याच हस्ते. पत्रिका साहेबांना दाखवली. ते खूश झाले. "वा मॅडम, कुणाला सोडलं न्हाई तुम्ही." मी म्हणाले, "तुमच्याकडूनच शिकले, साहेब."

मुलीला मुद्दाम सोबत नेलं. सुट्टी काढायला लावली. तिनं विचारलं, "मी कशाला?" मी म्हणाले, "तू बघायला पाहिजेस." गाडी तीच चालवत होती.

अकराच्या ठोक्याला समारंभ सुरू केला. साहेबांची बायको पहिल्या रांगेत, नव्या पैठणीत. साहेब कोटात, खिशातून कागदांची गुंडाळी डोकावत होती. मी स्वतः माईकवर. पाहुण्यांची ओळख, दिवा, मनोगतं, सगळं मिनिटावर, आणि सव्वाबाराला मी पहिलं नाव पुकारलं. साहेब हौसेनं उठले. दहा शाली झाल्या, वीस झाल्या. चाळिसाव्या शालीला साहेबांनी उजवा खांदा चोळला. मी पुढचं नाव पुकारलं. साठाव्याला त्यांनी माझ्याकडं बघून हळूच घड्याळाकडं बोट केलं. मी हात वर केला. "दोन मिनिटं, साहेब," मी माईकवरून म्हणाले, अगदी गोड आवाजात. सगळा हॉल हसला, साहेबही हसले.

पॅकिंगच्या बायका मात्र रडल्या. एकीनं शालीचं टोक डोळ्याला लावलं आणि म्हणाली, "मॅडम, आमालाबी?" मी ते घडवलं होतं दुसऱ्याच कामासाठी, पण तिला म्हणाले, हाव, तुलाबी.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी मी साहेबांच्या हातात माईक दिला. मागच्या दारातून साखरपुड्याच्या फुलांच्या टोपल्या आत येत होत्या, जेवणाच्या हॉलमधून भाजीचा वास सुटला होता, लोक चुळबूळ करत उठत होते. साहेबांनी कागद उलगडले. त्यांच्या जागी मी असते तर थेट मुद्द्यावर गेले असते, दहा मिनिटं काही कमी नसतात. पण साहेबांना सवय सुटेना. व्यासपीठावरचे आदरणीय अमुक, सन्माननीय तमुक, समोर बसलेले ज्येष्ठ हे, आणि माझे लहान बंधू ते. एकेकाचं नाव, एकेकाचं पद. नावं संपली, साहेबांनी घसा साफ केला, पहिला कागद डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, "तर मित्रहो." तेवढ्यात कार्यालयाच्या माणसानं बटण बंद केलं. तीन वाजले होते. साहेब ओठ हलवत राहिले, पण मागच्या रांगेला काही ऐकू येईना, आणि मागची रांग सरळ जेवायला गेली. मग पुढचीही.

मी खांबाजवळ उभी राहून बघत होते. साहेब एकटे, हातात कागद, मागं दोघं मजूर त्यांच्या नावाचा बॅनर सोडवत होते. इतकं बरं वाटलं मला, इतकं बरं. कुणाला वाईट वाटलं तर वाटू द्या. वाटलं, पोरीला सांगावं, बघ, फिटलं. वळून बघितलं तर पोरगी जागेवर नव्हती.

ती साहेबांकडं चालली होती. त्यांच्याशी काहीतरी बोलली, मग दोन खुर्च्या ओढून भिंतीकडच्या कोपऱ्यात लावल्या. साहेब बसले. ती त्यांच्यासमोर बसली. साहेबांनी कागद सरळ केले आणि वाचायला लागले, तिला एकटीला, माईकशिवाय.

मी जवळ गेले. म्हणाले, "चल गं, निघायचंय, साडेसहाला मला युनिटात जायचंय."

तिनं मान वर केली नाही. हात वर केला. "दोन मिनिटं, आई."

मी बाहेर आले. गाडीची किल्ली तिच्याजवळ. कार्यालयाच्या पायरीवर बसले. साखरपुड्याची माणसं माझ्या अंगावरून आत जात होती, एका म्हाताऱ्यानं मला मुलीकडची समजून वाट विचारली. साडेतीन झाले, पावणेचार झाले. वहीत त्या वेळेला लिहिलं होतं, परतीचा प्रवास. मी तीनदा उठले आणि तीनदा बसले. आत जाऊन तिला ओढून आणावं असं वाटलं, पण गेले नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी ती आली. मी घड्याळ बघितलं म्हणून सांगते. तिनं ते मुद्दाम साधलं का आपसूक झालं, मला आजपर्यंत माहीत नाही. तिनं गाडी सुरू केली आणि नांदेडच्या बाहेर काढली. मग मीच म्हणाले, "काय होतं त्या भाषणात? आपलं काही?"

"न्हाई. धर्माबादच्या गोदामात ते पोत्यांवर झोपायचे, ते होतं. आईचं होतं. आपलं काही न्हाई. त्यांना आठवतबी न्हाई, आई. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाले, तुझी आई लई वक्तशीर, आजचा कार्यक्रम तिनं कसा मिनिटावर नेला."

सहा वर्षांचा माझा राग त्या माणसाला लागलाच नव्हता.

"किती वेळ बसलीस पायरीवर?" तिनं विचारलं.

"सव्वा तास."

"मी चार तास बसले होते. सायबानं तुला बांधून ठेवलं नव्हतं. अडीचला तू उठली होतीस, तूच सांगितलंस मला. मग परत बसलीस. तुला शाल पाहिजे होती. मला ते कळतंय, खरंच कळतंय, आजोबांचं सगळं मला ठाऊक हाय. पण मी म्हणलं होतं आदल्या दिवशी जाऊ. मी म्हणलं होतं फाईल माझ्याजवळ दे."

मी बोलायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "आता काही सांगू नको. घरी गेल्यावर फाईल दे तेवढी."

"कुठली फाईल?"

"माझे मूळ कागद. दहावीपासूनचे. अजून तुझ्याच कपाटात हायेत, आई. मी चोवीस वर्षांची झाले."

घरी आल्यावर चप्पलही न काढता मी कपाट उघडलं. फाईल पहिल्याच कप्प्यात होती, सहा वर्षांपूर्वी ठेवली तशी, लेबल माझ्या अक्षरातलं, प्रत्येक कागदाला नंबर. तिनं उभ्या उभ्याच ती हातात घेतली, माझ्यासमोर एक ते चौदा सगळे कागद मोजले, आणि स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवली.